जर-तर

'जर-तरच्या गोष्टी' हा शब्दप्रयोग आपण बहुधा तुच्छतेने करतो. जे घडलेले नाही आणि घडेलच अशी खात्री नाही त्याविषयी कोणी बोलू लागला की, "जर-तरच्या गोष्टी सोडा, मुद्द्याचे बोला," असे आपण त्याला ऐकवतो. आम्हीही हे वाक्य आयुष्यात पुष्कळ वेळा उच्चारले आहे. त्यांपैकी एका वेळी ते उच्चारले नसते तर बरे झाले असते, असे आम्हाला गेली काही वर्षे वाटत आले आहे. हे वाटणेही पुन्हा जर-तरच्याच भाषेतले आहे, हे आम्ही जाणतो.

आमचे थोरले बंधू बँकेतून निवृत्त झालेले, वृत्तीने हिशेबी गृहस्थ होते. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांची कन्या नऊ वर्षांची असताना तिला मधुमेह जडला. उतारवयात आपल्याकडे घरोघरी आढळतो तो हा मधुमेह नव्हे. ज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन तयार करण्याचेच थांबवते, तो हा प्रकार. त्या दिवसापासून दादांच्या स्वयंपाकघरात एक लांबट वही आली. जर मुलीने दीड भाकरी खाल्ली, तर इतके युनिट. जर शाळेत खेळाचा तास असेल, तर त्यातून दोन वजा. जर ताप असेल, तर दर काही तासांनी रक्त तपासणे. दुपारी अंदाज चुकला तर रात्री दादा त्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारीत आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा बदलीत. आम्ही थट्टेने त्या वहीला 'दादांचे जर-तर पुराण' म्हणत असू. त्या पुराणाच्या आधारे मुलगी वाढली, शिकली, नोकरीला लागली.

दादा वहीत जे करीत होते तेच शास्त्रज्ञ संगणकावर करतात, हे आम्हाला फार पुढे कळले. रोगी माणसाच्या देहात साखर कशी चढते, इन्सुलिन किती वेळात मुरते, यकृत साखर केव्हा सोडते, हे सारे समीकरणांत मांडायचे आणि संगणकाला विचारायचे : जर हे औषध या वेळी दिले, तर पुढे काय होईल? अमेरिकेतील व्हर्जिनिया आणि इटलीतील पादुआ या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी अशा तीनशे काल्पनिक रुग्णांचा एक समूह संगणकात उभा केला. त्यात शंभर प्रौढ होते, शंभर किशोरवयीन आणि शंभर मुले. इन्सुलिन आपोआप मोजून देणाऱ्या यंत्रांची पहिली परीक्षा प्राण्यांवर न घेता या काल्पनिक रुग्णांवर घेतली तरी चालेल, अशी मान्यता अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ साली दिली. अशा उद्योगाचा आरंभ त्याहून जुना आहे. डेनिस नोबल या तरुण शास्त्रज्ञाने १९६० साली लंडनमध्ये हृदयाच्या पेशीची लय संगणकावर उतरवली. विद्यापीठाच्या त्या अवाढव्य यंत्रावर त्याला वेळ मिळाला होता तो रात्री दोन ते चार. सारे शहर झोपलेले असताना एका यंत्राच्या आकड्यांतून हृदयाचे ठोके उमटत होते, ही कल्पना आम्हाला आजही मोठी वाटते.

जे एका देहाचे करता येते ते गावाचे आणि नगराचेही करता येते. किंबहुना नगराचे गणित आधी मांडले गेले, आणि त्याची सामग्री पुरवली ती आपल्या मुंबईने. ही गोष्ट आपल्या समाजाला मुळीच परकी नाही.

१८९६ सालच्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात काही तापकरी रुग्ण दगावले. त्यांना तपासणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, आपल्याच धर्मबांधवांपैकी. हा ग्रंथिज्वर म्हणजे प्लेग आहे, असे निदान त्यांनी निर्भयपणे जाहीर केले. पुढची कित्येक वर्षे प्लेग मुंबईत ठाण मांडून राहिला. वांद्र्याच्या आणि मुंबईतील इतर गावठाणांच्या वाटांवर आपल्याला जे जुने क्रूस दिसतात, त्यांतील अनेक त्या काळी प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून उभारलेले आहेत. आमच्या आजोबांचे एक चुलते तेव्हा वसईहून मुंबईला जाऊन माझगावच्या गोदीत काम करीत. १९०६ च्या मार्चमध्ये ते प्लेगने गेले, असे घरात सांगत. त्यांचा देह गावी आला नाही, आणि त्यांचे छायाचित्रही कोणी काढलेले नव्हते.

आता या मुंबईतून एकदम स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरी जावे लागते, कारण मुंबईचे आकडे तेथे पोहोचले होते. अँडरसन मॅकेंड्रिक नावाचे एक डॉक्टर भारतीय वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे घालवून, कसौलीच्या पाश्चर संस्थेचे प्रमुखपद भूषवून १९२० मध्ये प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतले आणि एडिंबरोच्या एका प्रयोगशाळेचे अधीक्षक झाले. तरुणपणी ते सर रोनाल्ड रॉस यांच्यासमवेत आफ्रिकेत हिवतापाच्या मोहिमेवर गेले होते. डासातून हिवतापाचा माग सिकंदराबादेत लावणारे ते हेच रॉस. हिवताप हटवण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग आपोआप विझतो, हे रॉस यांनी गणिताने दाखवले होते. मॅकेंड्रिक यांच्या प्रयोगशाळेत विल्यम केरमॅक नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, प्रयोग करताना स्फोट होऊन केरमॅक यांचे दोन्ही डोळे गेले. त्यानंतर ते लांबलचक गणिते डोक्यात करू लागले.

या दोघांनी १९२७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील मूळ कल्पना साधी आहे. साथीच्या वेळी गावातील माणसांचे तीन गट पाडावेत : ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झालेला आहे ते, आणि बरे होऊन किंवा मरण पावून जे साथीच्या बाहेर गेले ते. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे किती वेगाने सरकतात याची समीकरणे मांडली, की साथीची चढण आणि उतरण कागदावर उतरते. रोग होण्याजोगी सर्व माणसे संपेपर्यंत साथ थांबत नाही, ही समजूत त्यांनी खोडून काढली. अशा माणसांची संख्या विशिष्ट मर्यादेखाली गेली, की साखळी तुटते आणि उरलेली माणसे वाचतात. आपले गणित प्रत्यक्षाशी जुळते का, हे पाहण्यासाठी त्यांनी मुंबई बेटावरील प्लेगचे आठवडेवार मृत्यू घेतले. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील ते आकडे होते. ऐन भरात आठवड्याला सुमारे नऊशे मृत्यू. प्रत्येक आठवड्यासाठी आलेखावर एक ठिपका, आणि त्या ठिपक्यांजवळून जाणारी गणिताची वक्ररेषा. ही रेषा काढण्यात ज्याचा निम्मा वाटा होता त्याला ती दिसत नव्हती.

प्लेगच्या पहिल्या वर्षांत सरकारी झडत्यांच्या धास्तीने लोक आजारी माणसालाही लपवून ठेवीत. पुढेही सर्व मृत्यू नोंदले जात होते असे कोण सांगणार? परंतु आजोबांच्या त्या चुलत्यांचा मृत्यू जर नोंदला गेला असेल, तर मार्चमधील एका ठिपक्यात तेही आहेत. जगभरच्या विद्यार्थ्यांनी शंभर वर्षे अभ्यासलेल्या आलेखात आमच्या घरातला एक माणूस आहे, हे प्रथम ध्यानात आले तेव्हा आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

हे गणित निर्दोष मात्र नव्हते. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. उंदरांवरच्या पिसवांमार्फत तो माणसाकडे येतो. निबंधात उंदरांचा उल्लेख आहे, पण हिशेबात ते स्वतंत्रपणे धरलेले नाहीत. मुंबईचा प्लेग दरवर्षी त्याच ऋतूत उसळत असे आणि उन्हाळा वाढला की ओसरत असे, हेही समीकरणांत आलेले नव्हते. आपण धरलेले काही आकडे खरोखर स्थिर राहत नाहीत, हे त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवले. पुढच्या काळातील गणितज्ञांनी तर मुंबईच्या आकड्यांशी जुळलेली ती रेषा बरीचशी योगायोगाने जुळली असावी, असे दाखवले. तरीही त्यांनी पाडलेले तीन गट टिकले, आणि २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा देशोदेशीच्या संगणकांत तेच तीन गट पुन्हा मांडले गेले.

त्या वर्षी २३ मार्चपासून मुंबईच्या उपनगरी गाड्या बंद पडल्या. विरारच्या गाडीचा आवाज आला नाही असे दिवस आमच्या पिढीने पाहिलेले नव्हते. दादांचा मुलगा संगणकशास्त्र शिकत होता. तो घरी येऊन बसला. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून मुंबई शहर संगणकात उभे केले आहे, हे त्याने आम्हाला सांगितले. येथे तीन गटांवर भागत नव्हते. एकेक माणूस निराळा मांडायचा. त्याला वय द्यायचे, घर द्यायचे, घरात किती माणसे ते ठरवायचे, शाळा किंवा कचेरी नेमून द्यायची. तो झोपडपट्टीत राहतो की इमारतीत, लोकलने जातो की नाही, हेही धरायचे. अशी कोटीहून अधिक काल्पनिक माणसे. मग विचारायचे : जर गाड्या सुरू केल्या, तर काय? जर शाळा उघडल्या, तर? त्या वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासण्या झाल्या. त्यांत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या, तर इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात रोग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. एकाच शहरातील या दोन शहरांना एकाच मापाने मोजून चालले नसते.

पुतण्याने या धर्तीवर आमच्या आळीचे एक छोटे प्रारूप स्वतःच्या संगणकावर तयार केले. घर म्हणजे एक चौकोन, माणूस म्हणजे एक ठिपका. निरोगी ठिपका पिवळा, आजारी तांबडा, बरा झालेला हिरवा, आणि मृत ठिपका करडा. दादांच्या चौकोनात चार ठिपके होते. आम्ही ते पाहून म्हणालो, "हा तर पत्त्यांचा डाव झाला." दादा मात्र चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आपल्या वहीसारखेच आहे की रे हे."

इंग्लंडमधील इंपिरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी १६ मार्च २०२० रोजी वर्तवले होते, की काहीच उपाय केला नाही, तर ब्रिटनमध्ये पाच लाखांवर आणि अमेरिकेत बावीस लाख माणसे दगावतील. देशांनी उपाय केले, तितकी माणसे दगावली नाहीत, आणि मग अनेकांनी भाकीत फसले म्हणून त्या शास्त्रज्ञांची टर उडवली. निनवे नगरीने योनाचे ऐकले, नगरी वाचली, आणि आपले बोल खोटे ठरले म्हणून योनाच रुसून बसला. येथे रुसले ते ऐकणारे. मोठा आकडा सर्वांच्या लक्षात राहिला होता. त्याच्या आधीचा 'जर' कोणाच्याच ध्यानात नव्हता.

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे यावयास हवे. दादांच्या कन्येचा विवाह २०२० च्या मे महिन्यात व्हायचा होता, तो लांबणीवर पडला. ऑक्टोबर महिन्यात केंद्र शासनाने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीचा अंदाज वर्तमानपत्रांत आला. देशातील साथीचे शिखर सप्टेंबरमध्ये ओलांडले असून, सर्वांनी खबरदारीचे नियम पाळले तर येत्या फेब्रुवारीअखेर साथ आटोक्यात येईल, असा त्याचा आशय होता. नियम ढिले केले तर महिन्याभरात रुग्ण लाखोंनी वाढू शकतील, असेही त्यात म्हटले होते. आम्ही ते कात्रण घेऊन दादांकडे गेलो. "फेब्रुवारीत साथ संपते आहे, राखेच्या बुधवारापूर्वी लग्न उरकून घेऊ," असे आम्ही म्हणालो. पुतण्या कात्रण हातात घेऊन म्हणाला, "काका, फेब्रुवारीच्या आधीचे वाक्य वाचा. त्यात 'जर' आहे." तेव्हा आम्ही ते वाक्य उच्चारले : "जर-तरच्या गोष्टी सोड."

दादा अकरा महिने फाटकाबाहेर क्वचितच पडले होते. मुलीच्या आजारामुळे त्यांना दुहेरी धास्ती. पण आमच्या शब्दाला त्यांनी मान दिला. लग्न फेब्रुवारीत झाले. मंदिरात पन्नासच माणसे होती, पण संध्याकाळी मांडवात ती मर्यादा कोणी मोजली नाही. कोणी आजारी पडले नाही. त्यामुळे आमचा धीर वाढला आणि आमच्या सांगण्याने दादांचाही. ते पूर्वीप्रमाणे सकाळी दुधाला जाऊ लागले, सायंकाळी तळ्याकाठी मित्रांत बसू लागले. १ मार्चपासून साठीच्या पुढील लोकांना लस मिळू लागली, तेव्हा त्यांनी जाण्याचे ठरवले होते. "इतक्या उन्हात रांगेत कशाला उभे राहता? साथ ओसरलीच आहे, गर्दी कमी होऊ द्या," हे आमचेच शब्द.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात दादांना ताप आला. खाट मिळण्यासाठी दोन दिवस गेले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते गेले. दफनाला पाच माणसे होती. ज्यांच्या मांडवात संख्येची मर्यादा कोणी पाळली नव्हती, त्यांच्या अखेरच्या प्रवासात ती काटेकोरपणे पाळली गेली.

त्या लाटेची उंची शास्त्रज्ञांनाही आधी सांगता आली नव्हती, आणि ते त्यांनी पुढे मान्य केले. विषाणूने रूप पालटले होते. जुन्या विषाणूचे आकडे नव्याला लागू पडत नव्हते. प्रारूपात उंदीर राहून जातात तसेच हेही. म्हणून सारा दोष आम्ही आपल्या शिरी घेतो असे नव्हे. परंतु अर्धे वाक्य वाचून आम्ही एका माणसाला सल्ला दिला, हे खरे.

वर्षभराने, दादांच्या पहिल्या स्मृतिदिनी, आम्ही पुतण्याला एकटे गाठून विचारले, "तुझ्या त्या संगणकाला एक विचारशील? तेव्हा आम्ही तसे बोललो नसतो तर?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मी विचारून झाले, काका." त्याने आळीचे प्रारूप पुन्हा उघडले होते. एकदा लग्न, मांडव आणि लस न घेतलेले बाबा, असे मांडून. एकदा यांतले काहीच न घडता, घरात राहिलेले आणि लस घेतलेले बाबा, असे मांडून. प्रत्येक प्रकार त्याने शंभर शंभर वेळा चालवला होता, कारण कोण कोणाच्या किती जवळ येईल हे दर खेपेस संगणक फासे टाकल्यासारखे नव्याने ठरवतो. पहिल्या प्रकारातही दादांचा ठिपका कित्येकदा शेवटपर्यंत पिवळा राहिला. दुसऱ्या प्रकारातही काही वेळा तो करडा झाला. "मग फरक काय?" आम्ही विचारले. "पहिल्या प्रकारात जास्त वेळा करडा झाला," तो म्हणाला. "अमुकच झाले असते, असे ते सांगत नाही. काय होण्याची शक्यता वाढली, एवढेच सांगते. आणि विषाणूचे आकडे मी घातलेले, तेही अंदाजाने."

त्याने आमचे सांत्वन केले नाही आणि आम्हाला दोषही दिला नाही. दोन्ही बाजूंचे जेवढे खरे होते तेवढे सांगितले. मनुष्याच्या हातून घडलेल्या चुकीचे इतके प्रामाणिक माप आम्हाला दुसऱ्या कोणी दिले नव्हते. आपण काहीच केले नाही असे म्हणण्याची मोकळीक त्यात नव्हती, आणि सारे आपणच केले असे म्हणून छाती पिटण्याचीही नव्हती. त्या रात्री आम्हाला पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

पुतणी आता सासरी असते. तिच्या दंडाला एक लहानशी चकती चिकटवलेली असते. रक्तातील साखर त्या चकतीवरून मोबाईलवर दिसते. तरीही बाबांची ती लांबट वही तिने आपल्यासोबत नेली आहे आणि मधूनमधून तीत लिहीतही असते. गेल्या पावसाळ्यात ती माहेरी आली असताना तिला बारीक ताप होता. जेवायला बसण्यापूर्वी ती वही उघडून म्हणाली, "काका, जर रात्री ताप वाढला, तर..." आम्ही पुढे केलेला भाकरीचा हात मागे घेतला आणि तिचे वाक्य संपेपर्यंत थांबलो.